खालच्या फळीवरच्या बाटल्या

मुलाखतीच्या टेबलामागे पाच जण बसले होते. कॉलेजात शिकवणाऱ्यांना संशोधनासाठी सरकारकडून अनुदान मिळतं, त्याची ती मुलाखत. माझं बोलून झालं तसा मधल्या तज्ज्ञांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रस्ताव चांगला आहे," ते म्हणाले. "पण हे उल्हासनगरात होणार कसं?"

"दुसरीकडे होतं तसंच, सर."

"तसं नाही हो. तिकडे वीज जाते, तुमच्याकडे पीएच.डी.चे विद्यार्थी नाहीत, चांगला मायक्रोस्कोप नाही. एक करा, अनुदान घ्या आणि सुट्ट्यांमध्ये आमच्या संस्थेत येऊन काम करा. सगळं तयार मिळेल."

त्यांच्या आवाजात कुजकेपणा नव्हता. ते मनापासून मदत करत होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

"सर, मला पाहुणी म्हणून संशोधन करायचं नाही," मी म्हटलं. "माझी मुलं उल्हासनगरात शिकतात. यंत्रं तिथे आली पाहिजेत. वीज जाते हे खरंय, पण ती गेल्यावर काय करायचं हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

एक जण खोकला. बाहेर पडले तेव्हा हे प्रकरण संपलं असंच मी धरून चालले होते. पण दोन-तीन महिन्यांनी पत्र आलं. मागितलं होतं त्यापेक्षा कमी, पण मंजूर.

मी बदलापूर पश्चिमेची, हेंद्रेपाड्यात वाढलेली. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हापासून आमच्या घरात शिकणं हा एक हट्ट होऊन बसला होता, तो माझ्यापर्यंत आला. मुंबईतल्या एका सरकारी संस्थेत मी पेशींवर पीएच.डी. केली आणि नंतर उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. संस्थेतल्या ओळखीच्यांनी हळहळ व्यक्त केली. जणू मला मोठा आजार झाला होता.

माझा विषय सांगायला सोपा आहे. फळमाशी म्हणजे केळी पिकली की घोंघावणारी ती बारीक माशी. तिच्या पेशींचा बराचसा कारभार आपल्या पेशींसारखाच चालतो. उन्हाळा फार तापला की नर माश्या मरत नाहीत. उडतात, खातात, मादीच्या मागेही लागतात, पण त्यांना पिल्लं होत नाहीत. त्यांच्या शरीरात शुक्राणू नीट तयारच होत नाहीत. पेशीचं नक्की कुठे बिघडतं आणि ती परत सावरते कशी, हे मला बघायचं होतं. उन्हाळे दरवर्षी वाढत चाललेल्या गावात बसून हा प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागते, ते मला अजून कळलेलं नाही.

जागा मिळाली ती पत्र्याच्या छताची जुनी भांडारखोली. तुटके बाक बाहेर काढले, भिंतींना चुना लावला, कोपऱ्यात थंड तापमान राखणारं इन्क्युबेटरचं कपाट ठेवलं. माश्या वाढवायला काचेच्या बाटल्या हव्या होत्या. कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडे गेले.

"अचार डालोगी, मॅडम?" त्याने विचारलं.

"नहीं, मख्खी."

त्याने माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. "साईं, दुनिया मख्खी भगाती है, आप घर देने चली हो," असं म्हणत हसत हसत त्याने गोदामातून तीन खोकी काढून दिली. आठवड्याभरात कॉलेजात माझं नाव पडलं : माश्यावाल्या मॅडम.

आणि मग मावशी. आमच्या विभागाची झाडलोट आणि काचसामान धुणं त्यांच्याकडे होतं. कॉलेजच्या नोकरीत नव्हत्या, ठेकेदारामार्फत आलेल्या. बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात त्यांचा पाडा. पहाटे निघून बदलापुरापर्यंत जीप आणि तिथून पुढे लोकल, अशा रोज सातच्या ठोक्याला हजर. पन्नाशीच्या असतील. चौथीत असताना शाळा सुटलेली.

बाटल्या धुता धुता त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या माश्या कशाला पालायच्या?"

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकं फनस फुटला का ह्याच येतात. आनू का?"

दोन दिवसांनी त्या खरंच फणसाच्या गऱ्यासकट एक बाटली भरून घेऊन आल्या. तोंडाला फडकं बांधलेलं. आमच्या प्रयोगशाळेतली पहिली स्थानिक माशी ती.

माश्यांचं काम म्हणजे मुख्यतः निवडणं. ईथरचा वास देऊन त्यांना निजवायचं, पांढऱ्या फरशीवर ओतायचं आणि भिंगाखाली बारीक कुंचल्याने नर एकीकडे, माद्या एकीकडे करायच्या. नराचं शेपटाकडचं टोक गोल आणि काळसर असतं. नुकत्याच कोषातून निघालेल्या मादीचं अंग फिकट असतं, पोटात एक गडद ठिपका दिसतो. तिचा नराशी संबंध यायच्या आत ती वेगळी काढावी लागते, नाहीतर प्रयोग फुकट जातो. हे काम सकाळी लवकर करावं लागतं. सकाळी लवकर येणारं माणूस एकच होतं.

मी मावशींना एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवायची वेळ आली नाही. पंधरा दिवसांत त्या माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा पुढे गेल्या, महिन्याभरात माझ्याही. मुलं अडली की माझ्याकडे यायच्या आधी त्यांच्याकडे जायला लागली. त्यांनी स्वतःची एक वहीही केली. अक्षरं कमी, रेघा जास्त. एका बाटलीला एक चौकोन, अळ्या दिसल्या की चौकोनात टिंब.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात इन्क्युबेटर बंद पडला. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो म्हणत राहिला. पत्र्याखाली खोलीची भट्टी झाली. प्रयोग बुडाला असं समजून मी मावशींना सांगितलं, बाटल्या मांडणीवर ठेवा, निदान माश्या जगवू, आणि परीक्षेचे पेपर तपासायला बसले.

दोन आठवड्यांनी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, खालच्या फलीवरल्या बाटल्यांत अल्या वलवलतायत. वरच्या फलीवर एक बी नाय."

"माद्या मिसळल्या असतील, मावशी."

"नाय मिसलल्या."

"घाईत होतं असं. आधीच नराशी संबंध आलेल्या माद्या खालच्या बाटल्यांत गेल्या असतील. म्हणून अळ्या दिसतायत, नाहीतर एवढ्या उकाड्यात नरांना पिल्लं होणारच नाहीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या. मी परत पेपरात डोकं घातलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. पीएच.डी.च्या काळात आमच्या प्रयोगशाळेत कुणाच्याही पेशींमध्ये बुरशी झाली की सगळ्यात आधी माझं टेबल तपासलं जायचं. कुणी बोलून दाखवायचं नाही. फक्त सगळे माझ्या टेबलाकडे यायचे. पाच वर्षांत बुरशी माझ्यामुळे झाली असं एकदाही निघालं नाही आणि पाचही वर्षं तपासणी माझ्यापासूनच सुरू झाली. ते अंगावर काय असतं हे मला माहीत होतं. तरी मावशींनी एक गोष्ट बघून मला सांगितली तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते हेच, की तुमच्या हातून चूक झाली असेल.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला हाताला धरून भांडारखोलीत नेलं. अक्षरशः हाताला धरून.

मांडणीवर बाटल्यांच्या गळ्याला दोरे बांधलेले होते, काहींना लाल, काहींना पांढरे. त्यांनी मला न विचारता प्रयोग परत केला होता. एकाच बाटलीतून निघालेले नर घेतले, अर्धे वरच्या फळीवर, अर्धे खालच्या. आठवडाभर तसेच ठेवले. मग ताज्या माद्या वेगळ्या काढून त्यांच्याबरोबर सोडल्या.

"लाल दोरा वरचा, पांढरा खालचा," त्या म्हणाल्या. "आता बगा."

लाल दोऱ्याच्या बाटल्यांत खाद्य जसंच्या तसं गुळगुळीत. पांढऱ्या दोऱ्याच्या बाटल्यांत अळ्यांनी ते पोखरून काढलेलं.

"आनि ही दुसरी खेप, बाटल्यांची अदलाबदल करून," त्यांनी वही पुढे केली. "वरच्या बाटल्या धुऊन खाली, खालच्या वर. नवे नर घालून. म्हटलं बाटलीचा दोष नको. तरी तसंच. खाली असलं तर व्हतं, वर असलं तर नाय व्हत."

अशी अदलाबदल करून बघायची असते हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं, आणि शिकवल्यावरही मी ते दोनदा विसरले होते.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं.

"ते राहू द्या. खाली असं का व्हतं, त्ये बगा."

मी थर्मामीटर आणला. वरची फळी पत्र्याच्या जवळ, तिथे दिवसभर तेहतीस-चौतीसच्या आसपास. खालच्या फळीखाली मावशींनी मुंग्या येऊ नयेत म्हणून ओलं गोणपाट अंथरलं होतं, दुपारी त्या त्यावर पुन्हा पाणी मारायच्या. शेजारी पाण्याचे माठ. त्यामुळे दुपारचे तीन-चार तास खालच्या बाटल्या अठ्ठावीसवर यायच्या, नंतर परत तापायच्या. म्हणजे उष्णतेतून सुटका नव्हती. फक्त रोज थोडा वेळ उसंत होती, आणि पेशीला तेवढी पुरत होती.

मी मांडणीसमोर जमिनीवर बसले. अनुदानाच्या प्रस्तावात मी लिहिलेला प्रश्न चुकीचा नव्हता, पण अर्धा होता. किती तापल्यावर बिघडतं एवढंच मी विचारलं होतं. मधे किती वेळ थंडावा मिळाला तर बिघडत नाही, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

पुढचं वर्ष त्यातच गेलं. इन्क्युबेटर दुरुस्त झाला. काही नर सतत गरम ठेवले, काहींना रोज थोडे तास थंडावा दिला, कधी दुपारी, कधी सकाळी. मुलांनी माश्यांचे वृषण उघडायला शिकून घेतलं. ते दोऱ्याच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात. सतत तापलेल्या नरांत शुक्राणूंच्या शेपट्या एकमेकींत अडकून गुंता झालेला दिसायचा. रोज उसंत मिळालेल्यांत त्या बऱ्याचशा सुट्या, विंचरल्यासारख्या. मावशींनी हे पहिल्यांदा मायक्रोस्कोपात पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाल्या, "पोरींची येनी घालतात ना, तसं हाय. एकीची येनी नीट, एकीचे केस नुसते जट."

मधल्या तपासणीला दिल्लीहून समिती आली. तिच्यात मुलाखतीतले चष्मेवाले तज्ज्ञही होते. त्यांनी खोली पाहिली, गोणपाट पाहिलं, आणि माश्या कोण सांभाळतं म्हणून विचारलं. मी मावशींना पुढे बोलावलं. त्यांनी माश्या निजवून फरशीवर ओतल्या आणि भराभर दोन ढीग केले. चष्मेवाल्या तज्ज्ञांनाही हुरूप आला. "आम्हीपण तरुणपणी हेच केलंय," म्हणत ते भिंगाशी बसले.

मावशी शेजारी उभ्या होत्या. पाचवी की सहावी माशी साहेबांनी माद्यांत टाकली, तशी मावशींनी ती कुंचल्याने दुसऱ्या ढिगात सरकवली.

"साहेब, तो नर हाय."

साहेबांनी परत वाकून पाहिलं. "हो की," ते म्हणाले. "कोवळा आहे, रंग चढला नाही अजून." मग त्यांनी मावशींना विचारलं, "तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"पुढच्या पायाला फनी हाय त्याच्या."

नराच्या पुढच्या पायावर बारीक काळ्या केसांचा एक पुंजका असतो, कंगव्यासारखा. तो मी मावशींना दाखवला नव्हता. त्यांचा त्यांनीच शोधला होता.

लेख लिहायची वेळ आली. एका गोष्टीसाठी मला मुंबईची मदत घ्यावी लागली होती. चमकणाऱ्या रंगाने पेशी रंगवून काढायचे फोटो आमच्या मायक्रोस्कोपवर निघत नव्हते. पीएच.डी.च्या वेळचे माझे एक सीनियर आता मोठ्या सरकारी संस्थेत स्वतःची प्रयोगशाळा चालवतात. त्यांनी आनंदाने ते फोटो काढून दिले, निकालाचं तोंडभर कौतुकही केलं. मी मसुदा पाठवला. लेखकांत पहिलं नाव माझं, दुसरं मावशींचं, मग दोन विद्यार्थ्यांची, मग ह्या सीनियर सरांच्या विद्यार्थ्याचं, शेवटी सरांचं.

त्यांचा फोन त्याच दुपारी आला.

"हे दुसरं नाव कोणाचं?"

मी सांगितलं.

"अगं, आभारात घाल ना. पहिल्या ओळीत घाल, काही हरकत नाही."

"सर, शोध त्यांचा आहे."

"त्यांनी पाहिलं. शोध तू लावलास. फरक असतो."

"त्यांनी पाहिलं, परत करून पाहिलं आणि अदलाबदल करून खात्री केली. मी तेव्हा पेपर तपासत होते. आणि त्याआधी त्यांना चुकीचं ठरवत होते."

"हे बघ, लेखक म्हणजे जबाबदारी. उद्या कुणी प्रश्न विचारला तर त्या उत्तर देणार आहेत?"

"मराठीत विचारला तर देतील."

ते हसले, पण हसण्यात गंमत नव्हती. "तू भावनेच्या भरात निर्णय घेतेयस. लोक म्हणतील, कॉलेजातली बाई, झाडूवालीला लेखक केलं. तुझ्याच कामाची किंमत जाईल."

"सर, तुमच्या विद्यार्थ्याने एक दुपार बसून फोटो काढले. त्याचं नाव कुठे घालू, आभारात?"

"मग माझं नाव काढ," ते म्हणाले. "त्याचंही. आणि फोटोही."

"ते फोटो सरकारी पैशाच्या यंत्रावर निघालेत, सर. मावशी साबणाची वडी घेतात ना, तिच्यावरही कर असतो. तुमच्या यंत्रात त्यांचाही वाटा आहे."

त्यांनी फोन ठेवला. भीती वाटलीच. ह्या क्षेत्रात माणसं कमी आणि ओळखी जास्त, एका फोनचे पडसाद किती दूर जातात हे मला माहीत होतं.

बातमी प्राचार्यांपर्यंत कुणी पोचवली देव जाणे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ती बाई आपली कर्मचारी नाही. ठेकेदाराची आहे. कॉलेजच्या नावासमोर तिचं नाव कसं येईल? उद्या सगळेच मागतील."

"सगळ्यांनी शोध लावला तर सगळ्यांना देऊ, सर."

त्यांना ते आवडलं नाही. "मला वाद नकोत. फार झालं तर ठेकेदाराला सांगून मी तिला दुसऱ्या इमारतीत पाठवीन. तुमच्या हट्टापायी तिची रोजी जायला नको, एवढं बघा."

इथे मात्र मी अडखळले. माझी नोकरी पक्की होती. लढाईची खुमखुमी माझी आणि घाव त्यांच्यावर, हे मला चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी भांडारखोलीत गेले आणि मावशींना सगळं सांगितलं, प्राचार्य काय म्हणाले तेही.

त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला. "त्या कागदावर काय लिवलंय?"

"उन्हाने नर वांझ होतात, पण रोज थोडा वेळ थंडावा मिळाला तर होत नाहीत. ते कसं शोधलं, ते सगळं लिहिलंय."

"आनि माजं नाव नसलं तर?"

"तर मी आणि मुलांनी शोधलं असं लोकांना वाटेल."

"मग त्ये खोटं व्हईल."

"हो."

"मग नाव राहू द्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या इमारतीत बी झाडूच हाय ना? झाडू काय मना नवा नाय." आणि थोडं थांबून, जरा चिडूनच, "मना विचारून काढनार व्हता का काय तुमी?"

मी नाही म्हटलं. त्या परत माश्यांकडे वळल्या.

प्राचार्यांनी बोलल्याप्रमाणे केलं. मावशींची बदली वाणिज्य विभागाच्या इमारतीत झाली. त्या तरी सकाळी सातला येऊन माश्या निवडून जायच्या. चार दिवस मी गप्प राहिले, कारण ते माझ्या सोयीचं होतं. मग मीच त्यांना थांबवलं. मजुरी न देता कुणाकडून काम करून घेत सरकारी संशोधन करायचं, हे मला जमणार नव्हतं. अनुदानात एक तंत्र सहाय्यक नेमायची सोय होती, पण अट पदवीची. मी दिल्लीला पत्र लिहिलं, अटीतून सूट मागितली. उत्तर आलं, नियमात बसत नाही. मी दुसरं पत्र लिहिलं आणि समितीतल्या प्रत्येकाला प्रत पाठवली. त्यात एवढंच विचारलं, की तुमच्यासमोर ज्या बाईने नर ओळखला, तिच्यापेक्षा चांगला पदवीधर तुम्ही मला द्या, मी त्याला नेमते.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. "अपवादात्मक बाब म्हणून, प्रकल्पाच्या उर्वरित कालावधीसाठी." खाली सही चष्मेवाल्या तज्ज्ञांची. मावशी ठेकेदाराकडचं काम सोडून प्रकल्पात आल्या. प्राचार्यांना सरकारी पत्रापुढे काही करता आलं नाही. चेहरा मात्र त्यांनी बरेच दिवस आंबट ठेवला.

फोटोंचा प्रश्न उरला होता. सरांशी यंत्रावरून भांडत बसायचं नाही, असं आम्ही ठरवलं. साध्या मायक्रोस्कोपात, रंग न वापरता, जे दिसतं तेच दाखवायचं. मुलांनी नळीच्या तोंडाशी मोबाइल धरायला लाकडी चौकट बनवून आणली, फर्निचर बाजारातल्या एका सुताराकडून. पावसाळ्यात सुरू केलेलं काम थंडी संपेपर्यंत चाललं. शेकडो माश्या उघडल्या. फोटो सरांच्या फोटोंइतके देखणे नाहीत. पण गुंता तो गुंता आणि वेणी ती वेणी, कुणालाही ओळखता येईल इतकं स्पष्ट दिसतं.

लेख पाठवायच्या अर्जात प्रत्येक लेखकाचा ईमेल मागतात. मी मावशींचा काढायला बसले. पडताळणीचा आकडा त्यांच्या फोनवर आला, तेव्हा त्या बाटल्यांना कापसाची बुचं लावत होत्या. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून एकेक आकडा मोठ्याने वाचला. सगळी खोली थांबून ऐकत होती.

पहिल्या नियतकालिकाने नाकारला. दुसऱ्याने घेतला. ते फार मोठं नाही, पण त्यांच्या परीक्षकाने एक प्रश्न विचारला होता : बाटल्यांची जागा बदलून पाहिलीत का? उत्तर द्यायला मी मावशींची वही उघडली आणि तिच्या पानाचा फोटोच पाठवून दिला, चौकोन आणि टिंबांसकट.

छापून आलं तेव्हा मी एक प्रत काढून मावशींना दिली. इंग्रजीतलं त्यांचं नाव त्यांनी बोटाने दाखवून घेतलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. मी विचारलं होतं, पण त्यांनीच नको म्हटलं. "तिकडं छापलंय ना? मग गोष्टीत कशाला?" मग त्यांनी मला सगळा लेख मराठीत सांगायला लावला. एका ठिकाणी मला अडवलं.

"ओलं कापड? कापड नाय, गोनपाट व्हतं."

इंग्रजीत मी घाईने कापड लिहिलं होतं. त्यांनी ते खपवून घेतलं नाही. मी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. संपादकांना ती बहुधा विचित्र वाटली असेल, पण पुढच्या अंकात ती छापली गेली.

सर मला त्यानंतर एका परिषदेत भेटले. लेख वाचल्याचं म्हणाले, फोटो ठीक आहेत म्हणाले. दुसऱ्या नावाबद्दल काही बोलले नाहीत, मीही नाही. आम्ही चहा घेतला. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

प्रकल्प संपला तशी मावशींची नेमणूकही संपली. कागदावर त्या आता परत ठेकेदाराच्या आहेत, सुदैवाने आमच्याच इमारतीत. यंदा पहिल्या वर्षाला फळमाशीचं प्रात्यक्षिक सुरू झालं. वेळापत्रकात शिकवणाऱ्याच्या रकान्यात मी त्यांचं नाव टाकलं, आणि तेवढ्या तासांचं मानधन मिळावं म्हणून रीतसर अर्जही केला. प्राचार्यांनी वेळापत्रकावरचं नाव लाल पेनाने खोडलं. मी नवीन प्रत काढून लावली. तीही खोडली. आतापर्यंत तीन झाल्या. आज सकाळी मी फलकावर चौथी लावली, आणि ती टाचणीने टोचत असताना आतून मावशींचा आवाज येत होता, "अगो, नुसतं शेपूट बगू नको, पाय बग त्याचा."